‘रफू’वर कुणाचं बोट?

१

ताई रडायची थांबली की तिचा फोन वाजायचा आणि फोन बंद झाला की ताई पुन्हा रडायची. सकाळपासून आमच्या घरात एवढंच चाललं होतं.

"बबडीचं पान कुणीतरी बंद पाडलं गं," ती म्हणाली. "पहिली कमाई हातात यायची वेळ आणि नेमका आत्ताच दगा! तू जन्मभर लबाड माणसं पकडलीस ना? एवढा एक शोधून दे. माझ्यापुढे आणून उभा कर, बाकीचं मी बघते."

"मी विम्याचे दावे तपासायचे, ताई. पोलिसात नव्हते."

"तेच ते."

तेच ते नव्हे. पण रडणाऱ्या मोठ्या बहिणीला हा फरक समजावण्यात अर्थ नसतो. मी चपला शोधायला लागले.

बबडी म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक. कपड्यांच्या कारखान्यात नमुना विभागात होती. दिवसभर दुसऱ्यांच्या शिलाया तपासता तपासता तिच्या मनात आलं की, फाटलेलं नीट कसं करायचं हे लोकांना शिकवावं. मग तिनं इंटरनेटवर ‘रफू’ नावाचं पान उघडलं. इस्त्रीनं जळलेली बाही, कसरीनं खाल्लेला स्वेटर, दात विचकून बसलेली चेन, सगळ्यांवर इलाज. पान चांगलं होतं, आणि हे मी मावशी म्हणून सांगत नाही; माझ्या पर्सची चेन मी तिचं बघून स्वतः बसवली. पानाच्या कडेनं जाहिराती दिसायच्या आणि त्या लावणारी कंपनी तिला त्याचे पैसे देणार होती. त्या ‘देणार होती’वर भरवसा ठेवून पोरीनं नोकरी सोडली.

फोन परत वाजला. ताईनं डोळे पुसत उचलला, "नको म्हटलं ना एकदा!" म्हणाली आणि आपटला.

"कोण होतं?"

"कुणी नाही मेलं. कधी गाद्या विकणारे, कधी गुडघ्याचे पट्टे."

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, थेंब अजून चालू होते. रडू नकोस, डोळ्याला बरं नाही, असं दटावून मी बाहेर पडले. दोन बस थांबे पुढे भाचीचं घर. दार तिनंच उघडलं.

"मावशी, उगाच दगदग केलीस," ती म्हणाली. "कोण आहे ते मला कळलंय."

२

लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर उघडा होता. कंपनीची नोटीस मी दोनदा वाचली. मालकाच्या निकटच्या व्यक्तीनं जाहिरातींवर वारंवार, जाणूनबुजून क्लिक केल्याचं आढळल्यामुळे खातं बंद करत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे पान जागेवर होतं, जाहिराती गेल्या होत्या आणि जमलेली कमाईही गेली होती.

"जाहिरात असते ती लोकांनी उघडावी म्हणूनच ना?" मी विचारलं.

"ज्याला वस्तू खरंच हवी आहे त्यानं. कुणी नुसताच बोटं मारत सुटला तर जाहिरात देणाऱ्या दुकानदाराला फुकटचा भुर्दंड. कंपनी म्हणते, ही फसवणूक." तिनं नाक ओढलं. "मला बुडवायला काही मोडायला-फोडायला नको, मावशी. रोज माझ्या जाहिराती दाबत बसलं की झालं."

पान कोण, कुठून, केव्हा बघतं याचा आलेख तिच्याकडे होता. ती संशयाची बोटं याच शहरातली होती, मोबाइलवरची होती आणि रोज दुपारची होती. मध्येच एक आठवडाभराचा खड्डा. पुढे पुन्हा सुरू.

"त्याच आठवड्यात झूम डोंगरात फोटो काढायला गेली होती. तिथं रेंज नसते. आता बोल."

झूम ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. कॅमेरा बोलणाऱ्याच्या नाकाला टेकेपर्यंत पुढे आणायची तिची सवय, म्हणून हे नाव. ‘रफू’चे सगळे फोटो तिनंच काढलेले.

"अर्ज तयार आहे," भाची म्हणाली. "पुनर्विचाराची विनंती एकदाच करता येते. कुणी केलं ते लिहावं लागतं. झूमचं नाव लिहिलंय. पान चालवायला शिकले त्या क्लासच्या गटातही टाकलं, जवळच्याच माणसानं केसानं गळा कापला म्हणून."

"गटात? सगळ्यांसमोर?"

"नाव नाही घेतलं."

"शहाणीच आहेस! तुझ्याजवळचं कोण, हे न कळायला गटातली माणसं काय काल जन्मली? बरं, ह्या पानाचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"झूमला, ह्यांना, क्लासच्या सरांना. सगळीकडे एकच ठेवलाय, सोयीचा पडतो."

"घराची किल्लीही दाराबाहेर टांगून ठेवत जा. तीही सोयीची पडेल."

ती हसली नाही. मीही ओशाळले, कारण पोरीचे डोळे सुजले होते. अर्ज चुकीचा गेला तर ‘रफू’ कायमचं संपणार होतं आणि बरोबर एका निरपराध मुलीचं नावही खराब होणार होतं. परवापर्यंत तो पाठवायचा नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

जावई चहा घेऊन आले. एरवी मला ‘या मावशी, बसा मावशी’ करणारा माणूस, आज कप ठेवताना माझ्याकडे बघेना. मी निघाले तसे पोचवायला जिन्यापर्यंत आले, मागे वळून दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, तिला सांगू नका. हे सगळं माझ्यामुळे झालंय."

३

विम्याच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. अपराधी चेहरा आणि अपराधी माणूस हे दोन वेगळे विभाग आहेत. आग लावणारा शांतपणे चहा पितो आणि ज्याची गॅलरीत सुकत घातलेली चादर आत घ्यायची राहून पेटली तो हमसून हमसून रडतो. म्हणून मी जावयांना जिन्यातल्या पायरीवर बसवलं आणि म्हटलं, "सविस्तर सांगा, जावईबापू."

"मी पाहुणे विकत घेतले."

"कसले पाहुणे?"

"पान बघणारे. ठोकमध्ये मिळतात. ती दिवसातून शंभरदा आकडा बघायची आणि हिरमुसायची. म्हटलं, वाढदिवसाला तरी आकडा चढलेला दिसावा."

"मग चढला?"

"चढला ना! दिवसभर नाचत होती. दुसऱ्या दिवशी धाडकन खाली. मग आपल्या लिहिण्यात काय बिघडलं म्हणून जुनी पानं उकरत बसली. चांगली पानं मोडून पुन्हा लिहिली तिनं. आणि मी शेजारी बसून तिला पाणी आणून देत होतो." त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "एवढं तोंड उघडून सांगता आलं नाही मला."

मला राग आला आणि कीवही आली. पण हे पाहुणे एका दिवसात आले, एका दिवसात गेले आणि आले तेही कुठल्या कुठल्या देशांतून. कंपनीची तक्रार याच शहरातल्या बोटाबद्दल होती. शिवाय जावई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. तिथं आत जाताना फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात. दुपारी त्यांच्या हातात नळ्या असतात.

"हा तुमचा मूर्खपणाच," मी म्हटलं, "पण आपण शोधतोय तो मूर्खपणा हा नव्हे."

त्यांना इतकं हायसं वाटलं की ते उठून माझ्या पाया पडायला लागले. "मग सरांना विचारा, मावशी. त्यांनी अख्ख्या वर्गाला एकमेकांच्या पानांवर पाठवलं होतं."

४

‘घरबसल्या कमवा’ हा क्लास किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. भिंतभर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो. मी दारात पोचले तेव्हा सर स्टुलावर उभे राहून मधला सगळ्यांत मोठा फोटो उतरवत होते. तो माझ्या भाचीचा होता.

"प्रेत उचलून अजून तासही झाला नाही आणि तुम्ही भिंत रंगवायला घेतली?" मी म्हटलं.

सर दचकले. फोटो पोटाशी धरूनच खाली उतरले. मी कोण ते सांगितल्यावर तर त्यांचा चेहराच पडला.

"विद्यार्थ्यांना एकमेकांच्या पानांवर जायला तुम्ही सांगितलंत?"

"नुसतं जायला, मॅडम. जाहिरातींना हात लावा असं कधीच नाही. सुरुवातीला कुणी येत नाही हो, पोरं खचतात. जरा उभारी म्हणून."

"इंटरनेटवर तुमचं स्वतःचं पान कुठलं?"

"मी शिकवतो."

"ते दिसतंच आहे. तुमची कमाई कशाची?"

त्यांनी फोटोवरची धूळ बाहीनं पुसली. बराच वेळ पुसली. "क्लासची," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. "नोकरी सोड, धाडस कर, असं मीच तिला म्हणालो होतो. भर वर्गात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली कमाई हातात पडू दे, मग सोड, एवढंच म्हणायला हवं होतं. पण त्याला टाळ्या पडत नाहीत."

"कंपनीचे नियम शिकवता?"

"तो तास मी घेत नाही. पोरांना कंटाळा येतो."

मला या माणसाला आणखी चार शब्द सुनवायचे होते. पण तो स्वतःला माझ्यापेक्षा जास्त सुनावत होता. आणि त्यानं हे केलेलं नव्हतं. भिंतीवरचं आपलंच गिऱ्हाईक कोण बुडवेल? राहता राहिले त्याचे विद्यार्थी. ते पडद्यावरून शिकणारे, गावोगावचे.

"या शहरातले किती?" मी विचारलं.

"दोघीच, मॅडम." सरांनी मान खाली घातली. "तुमची भाची आणि ती फोटोवाली."

५

झूमच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद सोडलेला होता आणि त्याच्या मधोमध एकच बूट ठेवलेला होता. ती दुकानदारांच्या मालाचे फोटो काढते. मला बघून तिनं कॅमेरा डोळ्यांना लावला आणि मी बसेपर्यंत काढलाच नाही.

"तुम्हीही विचारायला आलात," ती म्हणाली. "विचारा. गटातली ती ओरड कानावर गेली आणि दोन दुकानदारांनी काम काढून घेतलंय. हा बूट शेवटचा."

"तू केलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे बघून सांग."

तिनं कॅमेरा खाली ठेवला. डोळे भरलेले होते. "मी एक दुसरं केलंय, मावशी. मीही पान उघडलंय. घरच्या घरी फोटो कसे काढायचे त्याचं. जाहिरातीही लागल्यात. तिला सांगितलं नाही. तिला वाटलं असतं, ही आता ‘रफू’मधून पाय काढतेय. सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि आता सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार?"

कुणीच नाही. शहरात राहणारी, पासवर्ड माहीत असलेली, गुपचूप स्वतःचं पान चालवणारी, आणि खड्ड्याच्या आठवड्यात गायब. दाव्याच्या टेबलावर हा कागद आला असता तर मीही शिक्का मारायला हात उचलला असता.

"तो खड्डा दाखव मला," मी म्हटलं.

पासवर्ड तिला माहीत होताच. तिनं आलेख काढला, बोटांनी मोठा केला. "बघा ना. मी डोंगरात गेले शनिवारी. दुपारची ती बोटं थांबलीत गुरुवारपासून. मी तिला हेच सांगत होते, तिनं फोन ठेवून दिला."

रागावलेल्या माणसाला खड्डा दिसतो, खड्ड्याची कड दिसत नाही. मी चष्मा काढून पुसला. "गुरुवारी दुपारी तू होतीस कुठं?"

तिनं आलेखावरचं बोट उचललं.

"मावशी, असं काय करता? तुमच्याबरोबरच होते. काकूंना डोळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं ना आपण, माझ्या गाडीतून? तुम्ही पुढे बसला होतात."

मी उठले. चुकून कागदावर पाय पडला, बूट लवंडला. ती काही विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं.

घरी आले तर दाराशी ताईच्या नावाचं पाकीट पडलं होतं. आत गादीच्या कापडाचे फुकट नमुने. ताई आंघोळीला गेली होती आणि टेबलावर तिचा फोन वाजत होता. आजवर तो मी कधी उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला.

६

"नमस्कार मॅडम! आपण शिलाई मशीनची चौकशी केली होती."

ताईला सुईत दोरा ओवता येत नाही. भाचीच्या शाळेच्या गणवेशाची तुटलेली बटणंसुद्धा मीच लावायचे.

"कधी केली होती हो?" मी विचारलं.

"बऱ्याचदा केलीय, मॅडम. जाहिरातीतून आलात, फॉर्मही भरलात. आता मशीन कधी पाठवू?"

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी गावभर हिंडत होते. गाद्या, गुडघ्याचे पट्टे, मशीन, सारखे येणारे फोन. माणूस जाहिरात उघडतो, तिथं आपला नंबर देतो, तेव्हाच हे फोन येतात. ज्या गुरुवारी ताईच्या डोळ्याला पट्टी लागली त्या गुरुवारी बोटं थांबली आणि तिला फोन बघायची परवानगी मिळाली तेव्हा पुन्हा सुरू झाली. आणि खरी गोम वेगळीच होती. कुणाला बुडवायचं असलं तर माणूस एका दिवसात दणका देऊन मोकळा होतो. इथं कुणीतरी महिनोन् महिने जेवण झालं की बसत होतं, थोडं थोडं वाढवत नेत होतं. हा सूड नव्हता, ही हजेरी होती. आणि ती लागत होती तेव्हा तपासणीस बाई शेजारच्या खोलीत घोरत होत्या.

तपास चालू असताना घरात चकार शब्द काढायचा नाही ही माझी जुनी शिस्त. नोटिशीत काय लिहिलंय ते मी ताईला सांगितलंच नव्हतं, भाचीनंही फोनवर नुसतं ‘दगा झाला’ एवढंच म्हटलेलं. मी शिस्त मोडली असती तर ताईनं पहिल्याच मिनिटाला सगळं सांगितलं असतं. तिला लपवायचं असं काही माहीतच नव्हतं.

मी तशीच भाचीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती आधी चिडली.

"आई? आईला यातलं ओ की ठो कळत नाही!"

"बरोबर. मग जाहिरातीवर बोट लावलं की तुला पैसे मिळतात, हे तिला कुणी सांगितलं?"

भाचीचं तोंड उघडं राहिलं. "मी," ती म्हणाली. "तीच विचारत होती, अगं, पैसे येतात तरी कुठून. मी म्हटलं, लोक जाहिरातीला बोट लावतात, त्याचे मिळतात."

"आणि आपल्या माणसांनी लावायचं नसतं, हे?"

"मलाच कुठं ठाऊक होतं! ते तर नोटीस आल्यावर कळलं."

"अटींमध्ये होतं."

"अटी मी… खाली सरकवत नेल्या आणि ‘मान्य’ दाबलं."

हे वाक्य मी नोकरीत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की मला ते झोपेतही ओळखता येईल. समोरचा माणूस ते म्हणाला की मी पेनाचं टोपण लावायचे, कारण दावा तिथंच संपायचा. आज मला हलताही येईना.

"म्हणजे मीच केलं," भाची म्हणाली. "आणि झूमला सगळ्यांसमोर…" तिनं तोंड ओढणीत खुपसलं. जावई दारात उभे होते. ते पुढे आले, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी न विचारताच विकत घेतलेल्या पाहुण्यांचं सांगून टाकलं. तिनं त्यांच्या दंडावर एक गुद्दा मारला आणि तिथंच डोकं टेकून रडत बसली.

जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, "मी झूमकडे जाते. पण आईला नाही कळता कामा. ती हे सहन करणार नाही, मावशी."

मला पटलं. अर्जात ‘घरातील वयस्कर व्यक्ती’ एवढंच लिहायचं आणि ताईला सांगायचं की कंपनीचीच चूक झाली. जन्मभर इतरांचे खोटे दावे फेटाळले आणि आता स्वतःचा एक घेऊन मी घरी निघाले.

७

"सापडला का गं?" ताईनं दारातच विचारलं.

"कुणी नव्हतंच. कंपनीची चूक होती. अर्ज केला की बघतील."

"म्हणजे दगा कुणीच नाही केला?"

"नाही."

ताईनं मोठा श्वास सोडला. "मला वाटतच होतं. झूमचा मघाशी रडत फोन आला होता, तिच्यावर आळ घेतला म्हणून; ती असलं करणारी नाही. आपल्या बबडीनं उगाच तिच्या नावानं बोंब मारली. माझ्या जिवाला किती लागलंय तुला सांगू! पोरीची कामं गेली गं आपल्यामुळे. काहीतरी भरपाई नको?" ती खिडकीशी जाऊन बसली, चष्मा लावला, फोन नाकाशी धरला. "म्हणून मी आता तिचं सुरू केलंय."

"काय सुरू केलंयस?"

"तिचंही पान आहे. दवाखान्यात बसलो होतो तेव्हा मला दाखवलं तिनं, बबडीला सांगू नका म्हणाली. बबडीच्या पानावर आता काही दिसत नाही, मग दुपार मोकळीच की. म्हटलं, एकीचं बंद पडलं, दुसरीचं तरी नीट चालू दे." ती खुशीत हसली. "हे बघ, कॅमेऱ्याचं तिकाटणं आलं."

तिचं बोट खाली येत होतं. मी धावले आणि तिच्या हातातून फोन हिसकावला. साठ वर्षांत मी ताईच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

आता लपवणं माझ्या हातात उरलं नव्हतं. गप्प बसले असते तर उद्या झूमलाही नोटीस आली असती. मी ताईच्या पायाशी बसले आणि सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता.

"एकही दुपार चुकवली नाही मी," शेवटी ती म्हणाली. "ते गाद्यावाले, पट्टेवाले नको नको ते बोलायचे. मी ऐकून घ्यायचे. म्हटलं, चालेल, पोरीच्या पदरात पडतंय."

"तुला काय माहीत, ताई. कुणी सांगितलंच नाही."

"तू गप्प बस जरा."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तेवढ्यात बेल वाजली. दारात भाची आणि झूम. दोघींचेही डोळे लाल, पण उभ्या एकमेकींना चिकटून. भाचीनं मला नजरेनंच विचारलं, सांगितलं नाहीस ना? मी उत्तर द्यायच्या आत ताई उठली.

"तो अर्ज काढ," ती म्हणाली.

"कुठला अर्ज, आई?"

"बबडे, मला सगळं कळलंय. काढ."

भाचीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ताईनं आधी झूमला शेजारी बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग चष्मा सारखा करून वाचायला लागली. हे कृत्य कुणी केलं, या प्रश्नासमोर भाचीनं ठरल्याप्रमाणे लिहिलेलं होतं.

"‘वयस्कर व्यक्ती’ कोण? खोड ते. आई लिही."

भाचीनं खोडलं. आई लिहिलं. पुढचा प्रश्न होता, का केलं.

"मदत व्हावी म्हणून, असं लिहिते," भाची म्हणाली.

"तसं नाही." ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी सांगते तसं लिही. नोकरी सोडल्याचं सांगायला मुलीनं फोन केला होता. तेव्हा आई तिला म्हणाली, तू आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तसं बोलायला नको होतं हे आईला त्याच दुपारी कळलं. पण ते परत घ्यायला तिची जीभ रेटली नाही. म्हणून ती रोज हे करत बसली."

अशा फोनची मला काहीच कल्पना नव्हती. भाचीला होती. तिचे हात लॅपटॉपवर तसेच थांबले, पुढे हलेनात.

झूमनं लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि ताई बोलली तसं, एक शब्द न बदलता लिहून काढलं. मग तिनं पडदा खाली सरकवला.

"काकू, आणखी एक विचारलंय. हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय केलं?"

ताई भाचीकडे बघत होती.

"लिही," ती म्हणाली, "आईनं मुलीला सांगून टाकलं."